मेंटॉर-मेंटीचा फॉर्म भरून झाला, आता पुढे काय?

माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा परवा मेसेज आला. हडपसरच्या बाजूला एका कॉलेजात यंदा तासिका तत्त्वावर लागलाय, फिजिक्सच शिकवतो. विचारणं थोडक्यात असं : "मॅडम, मला तीस मेंटी दिलेत, म्हणजे मी मेंटॉर म्हणून लक्ष ठेवायची मुलं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी फॉर्म आहे, सही घेतो, 'काही अडचण?' विचारतो, सगळे 'नाही सर' म्हणून जातात. वर्गाबाहेर यांना खरंच मदत करायची तर नेमकं काय करायचं? नंबर द्यायचा का? किती वेळ द्यायचा? आणि माझंच पुढच्या वर्षीचं पक्कं नाही, तर यात पडू का?" त्याला फोनवर सांगायला घेतलं आणि लक्षात आलं की हे लांबणार, म्हणून लिहूनच काढते. सत्तावीस वर्षं झाली मला पुण्यातल्या कॉलेजात शिकवून, त्यातली पहिली दहा तरी चुका करण्यात गेली, त्या तू करू नयेस एवढंच.

तर पहिलं म्हणजे "काही अडचण?" हा प्रश्न बंद कर. तो प्रश्न नाहीच, तो फॉर्मातला कॉलम आहे. परभणी-जालन्याकडून आलेला, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला पोरगा तुझ्यासमोर उभा राहून "हो सर, आहे अडचण" असं कधी म्हणणार नाही, त्याला लहानपणापासून शिकवलंय की मास्तरांसमोर रडगाणं गायचं नाही. फॉर्म भर, ते काम आहेच, नॅकसाठी ऑफिसला कागद लागतो. फक्त तो भरला म्हणजे मेंटॉरिंग झालं असं समजू नकोस.

माझ्याकडे एक फॉर्म अजून जपून ठेवलाय. एसवायची मुलगी होती, हुशार, अक्षर सुंदर. चार महिन्यांचे चार रकाने, चारही ठिकाणी "अडचण : नाही", खाली तिची सही, शेजारी माझी. मार्चमध्ये ती यायची थांबली. मला वाटलं प्रिलिमचा अभ्यास करत असेल, मी विचारलं नाही. कळलं तेव्हा परीक्षेचा फॉर्म भरायची लेट फीवाली तारीखसुद्धा उलटून गेली होती. वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला होता, ती गावी जाऊन दुकान बघत होती आणि तिला वाटलं की गैरहजर आहोत म्हणजे फॉर्म भरताच येत नाही. एक फोन केला असता तर वर्ष वाचलं असतं. तिच्या मैत्रिणीला सगळं माहीत होतं बरं का, आणि ती रोज माझ्या समोरच्या बाकावर बसत होती.

तेव्हापासून माझं एक पक्कं मत झालंय. ज्याला गरज आहे तो तुझ्याकडे येत नाही, "माझं दार सगळ्यांना उघडं आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही, उघड्या दारातून जे येतात ते तसेही आले असतेच. बाकीच्यांना यायला निमित्त लागतं, आणि ते निमित्त "मला मदत हवीय" असं असून चालत नाही. मग निमित्त तू तयार करायचं. सगळ्यात सोपं निमित्त म्हणजे काम सांगणं. "अरे, ती कपाटातली जुनी जर्नल्स वर्षाप्रमाणे लावायचीत, गुरुवारी अर्धा तास येशील का?" एवढंच. पोरगं येतं. त्याला मदत मागायची नसते, पण मदत करायला त्याला आवडतं, आणि काम करताकरता तिसऱ्या गुरुवारी तो आपोआप बोलतो. नोटीस बोर्ड बदलणं, प्रॅक्टिकलचं सामान मोजणं, एनएसएसच्या कॅम्पची यादी करणं, काहीही चालतं. मात्र ते खरंच लागणारं काम असावं, उगाच दिलेलं काम पोरांना लगेच कळतं. आणि आपल्या घरची कामं सांगायची नाहीत, गाईडच्या घरी सिलेंडर चढवणाऱ्या पीएचडीवाल्यांच्या कथा आपण सगळ्यांनी ऐकल्यात.

दुसरी जागा लॅब. तुला आठवत असेल आपली डार्करूम. सोडियमचा दिवा लावला की तो आधी लालसर गुलाबी असतो, नीट पिवळा व्हायला पाच-दहा मिनिटं जातात, तोवर रीडिंग घेता येत नाही. ती पाच-दहा मिनिटं ही माझी मेंटॉरिंगची खरी वेळ. अंधार असतो, दोघं-तिघंच असतात, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नसतं. आणि न्यूटन्स रिंग्जच्या, म्हणजे प्रकाशाच्या गोल कड्यांच्या प्रयोगाला तर मायक्रोस्कोपच्या आयपीसला डोळा लावून पोरगा रिंगा मोजत असतो, मी शेजारी वहीत आकडे लिहून घेत असते. एकदा एकजण विसाव्या रिंगेपासून उलटा मोजत येत होता, अठरा, सतरा, "मॅडम मी पुढच्या सेमला नसेन बहुतेक", सोळा. डोळा तसाच आयपीसला. मी पण मान वर केली नाही, फक्त "का रे?" म्हटलं. समोरासमोर खुर्चीवर बसवून विचारलं असतं तर हा मुलगा मेला तरी बोलला नसता. दिवाळीनंतर भावाबरोबर चाकणला कंपनीत लागायचं ठरत होतं त्याचं. आम्ही त्या दिवशी काही ठरवलं नाही, पण पुढच्या आठवड्यात त्याच्या भावाशी फोनवर बोलले आणि कंपनीतली शिफ्ट सांभाळून डिग्री पुरी करता येते का ते बघितलं. केली त्याने. दोन एटीकेटी लागल्या मध्ये, पण केली.

तुला लॅब नसेल दर वेळी, तर चालताना बोल. विद्यापीठाच्या आवारातून गेटपर्यंत, नाहीतर कॉलेजातून बसस्टॉपपर्यंत. शेजारी चालणाऱ्या माणसाशी बोलणं सोपं जातं. स्टाफरूममध्ये बोलावून मात्र शक्यतो काही विचारू नकोस, तिथे चार सहकारी चहा पीत ऐकत असतात आणि त्यातला एक तरी मध्ये बोलतोच.

आता कागद. तुला हसू येईल, पण मेंटॉरिंगचा निम्मा भाग माझ्या मते कागदपत्रांचा आहे. पोरं आपल्याकडे सहीला येतात ना, बोनाफाइड, स्कॉलरशिप, पासचा फॉर्म, तेव्हा सही करायच्या आधी तो कागद वाच. एका मुलाच्या फॉर्मवर पुण्याचा पत्ता वाचला आणि मला ते नाव ओळखीचं वाटलं, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेचं होतं. म्हटलं राहतोस कुठे, तर म्हणे तिथेच. एमपीएससीवाल्यांसाठी चोवीस तास उघडी असणारी ती जागा, महिन्याची फी भरून खुर्ची मिळते, हा रात्री त्याच खुर्चीत झोपायचा, बॅग टेबलाखाली, अंघोळ मित्राच्या रूमवर. मेसचं एक वेळचं ताट लावलेलं. सकाळच्या लेक्चरला पेंगतो म्हणून मी त्याला दोनदा वर्गात बोलले होते. ते आठवलं की अजूनही कसंतरी होतं.

अशा मुलाला सहानुभूती देऊन काही होत नाही, त्याला पत्ते द्यावे लागतात, आणि ते आपल्याला माहीत पाहिजेत. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली सुरू केलेली, खेड्यापाड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींची कमी पैशात राहण्या-जेवणाची सोय करते. विद्यापीठाची आणि कॉलेजांची 'कमवा आणि शिका' आहे. सरकारची स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, बार्टी-सारथी-महाज्योती या सरकारी संस्थांच्या योजना आहेत. प्रत्येकाचे निकष वेगळे, मुदती वेगळ्या, आणि मुदत संपल्यावर पोराला कळतं. तू जूनमध्ये एक दिवस बसून या सगळ्याचा एक कागद कर, कोणाला काय लागू होतं, कुठली कागदपत्रं लागतात, कुठे जायचं. दर वर्षी फक्त तारखा बदलायच्या.

'कमवा आणि शिका'ला पोरं लाजतात, विशेषतः शहरात आल्यावर. बागेत पाणी घालताना वर्गातल्या मुलींनी बघितलं तर काय, असं असतं ते. मी त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांचं सांगते, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्याला कष्ट करून शिकण्यावर कॉलेज उभं केलं ते. पण खरं सांगू का, भाषणापेक्षा आमच्या ऑफिसमधल्या एका क्लार्कचा जास्त उपयोग होतो, तो स्वतः त्याच योजनेतून शिकलाय आणि पोरांना चहा पाजून स्वतःची गोष्ट सांगतो.

महाडीबीटी, म्हणजे सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल, त्याबद्दल दोन गोष्टी लिहून ठेव, कारण यात दर वर्षी पोरांचे पैसे अडकतात. एक म्हणजे बँकेत आधार 'लिंक' असणं वेगळं आणि डीबीटीसाठी 'सीडिंग' असणं वेगळं. पैसे आधारला जे खातं मॅप केलेलं असतं त्यात जातात, आणि ते बऱ्याचदा गावाकडचं जुनं जनधन खातं निघतं, कधी ते बंद पडलेलं असतं. पोरगं म्हणतं आले नाहीत, तर आधी हेच तपासायला लाव. दुसरं, अर्ज त्रुटीसाठी परत पाठवला जातो आणि त्याचा मेसेज जातो फॉर्ममध्ये टाकलेल्या नंबरवर, तो नंबर वडिलांचा असतो, नाहीतर ज्या नेट कॅफेत फॉर्म भरला त्या माणसाचा. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्टेटस बघायचं, हे पोरांकडून करून घे. शुक्रवारी मधल्या सुट्टीत पाच जणांना बसवलं तर वीस मिनिटांचं काम आहे.

आणि हे जरा मनावर घे. वर्गात येऊन "स्कॉलरशिपवाल्यांनी थांबा, बाकीचे जा" असं कधीही म्हणू नकोस. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालायचं, मी पण केलंय, वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण त्या एका वाक्यात कोण कुठल्या जातीचा, कोणाच्या घरी किती उत्पन्न, हे साठ जणांसमोर उभं राहतं. एका मुलीने त्यापायी स्कॉलरशिपचा फॉर्मच भरला नव्हता, आईला सांगितलं की यंदा बंद झालीय. आता आम्ही एकेकाला वैयक्तिक मेसेज टाकतो. दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

करिअर वगैरे बाबतीत मी फार भाषणं देत नाही. मला वाटतं आपल्या पोरांची अडचण बुद्धीची नसते, आत जायचं असतं हेच त्यांना माहीत नसतं. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठाच्या आवारात आहे, आमची मुलं तीन वर्षं त्याच रस्त्याने बसने जातात आणि गेटच्या आत कधी गेलेली नसतात, त्यांना वाटतं आपल्याला सोडत नसतील. त्यांना एकदा हाताला धरून नेलं की झालं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला नेते मी, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला. पंचेचाळीस मीटर व्यासाची डिश खालून बघितली की पोरांचा आवाज बंद होतो, अशा तीस आहेत तिथे. त्या ट्रिपमध्ये तिथल्या रिसर्च स्टुडंटशी पोरं आपणहून बोलतात, "तुम्ही कुठल्या कॉलेजचे", आणि तो निघतो नगर जिल्ह्यातल्या कुठल्यातरी साध्या कॉलेजचा. माझ्या दहा लेक्चरने होत नाही ते त्या एका उत्तराने होतं.

तसंच समर रिसर्चचं. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्याची फेलोशिप देतात, आयसर-एनसीएलसारख्या पुण्यातल्या संशोधन संस्थांमध्ये प्रोजेक्ट मिळू शकतात, पण त्यासाठी शिफारसपत्र लागतं आणि ईमेल लिहावा लागतो. ईमेल म्हटलं की आमची पोरं सब्जेक्ट रिकामा ठेवतात आणि आत "रिस्पेक्टेड सर, आय वॉन्ट इंटर्नशिप" एवढंच लिहितात, नाहीतर हल्ली एआयकडून असं काही गुळगुळीत लिहून आणतात की पाठवणारा माणूस आहे की ब्रोशर कळत नाही. मी त्यांना आधी मराठीत सांगायला लावते, तू काय केलंस, तुला यांच्या कामातलं काय आवडलं, का. मग त्याचंच इंग्रजी करतो आम्ही, मोडकंतोडकं असलं तरी त्याचं असतं. शिफारसपत्राला पण तसंच, आधी अर्धं पान लिहून आण म्हणते, कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये काय बिघडलं आणि तू ते कसं निस्तरलंस. "मेहनती व प्रामाणिक" एवढं लिहिलेलं पत्र कोणी वाचत नाही.

आता जड विषय. कधीतरी तुझ्यासमोर एखादं पोरगं किंवा पोरगी असं बसेल की तुला आतून कळेल, हे नेहमीचं टेन्शन नाही. तेव्हा सरळ विचार, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो हा गैरसमज आहे, उलट बरेचदा सुटल्यासारखं वाटतं त्यांना. हो म्हणाले तर लेक्चर सोडून दे, एकटं सोडू नकोस, रूममेटला, वॉर्डनला, घरच्या ज्याच्यावर त्याचा भरवसा आहे त्याला बोलाव. "कोणाला सांगू नका" म्हणतील, तसं वचन देऊ नकोस, स्पष्ट सांग की जिवाचा प्रश्न असेल तिथे मी गप्प बसणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फोनमध्ये सेव्ह कर, २०२२ पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. ससूनला मानसोपचार विभाग आहे. आणि २०२५ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शंभर आणि त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक हवा, तर तुमच्याकडे कोण आहे, कुठे बसतो, कुठल्या वारी येतो हे आजच विचारून घे. काही ठिकाणी ते नाव फक्त बोर्डावर असतं. आपण समुपदेशक नाही आहोत, आपण त्या खोलीपर्यंत सोबत जाणारे आहोत, आणि खरंच सोबत जायचं, "तिथे जा" म्हणून चिठ्ठी द्यायची नाही.

मुलींच्या तक्रारीचं पण तेच. कोणी छळाबद्दल सांगितलं, मग समोरचा विद्यार्थी असो की आपलाच सहकारी, तर "समजुतीने मिटवू" हे शब्द तोंडातून काढू नकोस. अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्याकडे तक्रार द्यायला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, ती मिटवामिटवीतच निघून जाते. तिला समितीतल्या बाईंकडे घेऊन जा आणि तू बाजूला हो. तू तरुण आहेस, पुरुष आहेस, म्हणून हेही सांगते, मुलींशी बोलताना लॅबचं दार उघडं, आजूबाजूला कोणीतरी असावं. वाईट वाटून घेऊ नकोस, यात तुझंही भलं आहे आणि तिचंही.

तुझे सुटे प्रश्न. नंबर दे, पण नियम सांगून दे. माझा नियम असा की रात्री साडेनऊनंतर मेसेज बघत नाही, फोन मात्र केव्हाही उचलते. उगाचच्या कामासाठी पोरं फोन करत नाहीत, त्यामुळे रात्री फोन वाजला की मला कळतं. इन्स्टावर पोरांना फॉलो करू नकोस, त्यांना जरा मोकळं राहू दे. घरी फोन केलास तर पहिला फोन तक्रारीचा नको, शेतावर असलेल्या बापाला कॉलेजातून फोन आला की तो आधी घाबरतोच, "सगळं ठीक आहे, सहज केलाय" इथून सुरुवात कर.

रोख पैसे उसने देऊ नकोस. मी एकदा दिले होते, पैशांचं काही नाही, पण तो मुलगा मला टाळायला लागला, कॉरिडॉरमध्ये दिसले की जिन्याने खाली जायचा. पैसे गेले ते गेले, मुलगाही गेला. आता आम्ही डिपार्टमेंटचे सगळे मिळून महिन्याला थोडे जमवतो, कोणाची परीक्षा फी अडली तर परस्पर ऑफिसात भरतो, नाव दोघांनाच माहीत असतं.

आणि वेळ, आणि तुझं स्वतःचं. तासिकेवर असताना तुला तासाचे पैसे मिळतात, तेसुद्धा वेळेवर मिळाले तर, मेंटॉरिंगचे मिळत नाहीत. मी तुला त्याग वगैरे सांगणार नाही, मला तो शब्दच आवडत नाही. तीस जणांचं तुझ्याच्याने होणार नाही. तिसांची नावं, गावं आणि पुण्यात कुठे राहतात एवढं पाठ कर, आठवड्यातून एक तास ठरवून ठेव, आणि पाच जणांकडे नीट लक्ष दे. कुठले पाच? जे अचानक बदलले ते. पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेलेला, पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेच्या तालमी संपल्या तरी अजून परत न आलेला, प्रॅक्टिकलला येतो पण लेक्चरला नाही असा, डबा आणायची बंद झालेली. बाकीच्या पंचवीस जणांत एकमेकांवर लक्ष ठेवणारी दोन-तीन पोरं असतातच, त्यांना फक्त एवढं सांगून ठेव की कोणी आठवडाभर दिसलं नाही तर मला सांगायचं. माझ्या त्या दुकान बघणाऱ्या मुलीच्या मैत्रिणीला हे मी सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तू तिथे नसशील हे मात्र पोरांना आधीच माहीत असू दे, आणि जाताना तुझी वही ज्याच्याकडे ती पोरं जातील त्याला देऊन जा. वही म्हणजे साधी दोनशे पानी, मी अजून तीच वापरते. एका मुलाला एक पान, त्यावर फार काही नाही, "आईचं ऑपरेशन १२ तारखेला, १४ ला विचारणे", "एटीकेटी गणित, फोटोकॉपी मागवली का?", "बहिणीचं बारावीचं काय झालं". त्यात गुपितं लिहायची नाहीत, ती डोक्यात. मंगळवारी दुपारी दोननंतर मी लॅबमध्येच असते, ये, कोरी वही घेऊन ये, माझी दाखवते, नावं तेवढी झाकून.